तिचे शब्द तिचेच राहू द्या

मेजर वत्सलाताईंची आणि माझी खरी ओळख झाली ती माझ्याच चुकीमुळे. गेवराईत तहसीलसमोर माझे टायपिंगचे दुकान आहे. शाळा सातवीपर्यंत, पुढचे सारे स्वतः वाचून शिकलो. माझ्या अर्जात कुणाला काना-मात्रेची चूक सापडायची नाही.

लष्करी रुग्णालयांत नर्सिंग ऑफिसर म्हणून हयात घालवून ताई तलवाड्याला परतल्या होत्या. त्या दिवशी त्या रजेवर आलेल्या एका मुलीला घेऊन आल्या. मुलगी सैन्यात शिपाई. वरिष्ठाने स्टोअरमध्ये तिच्यावर हात टाकला होता. तिचे नाव-गाव इथे देत नाही; ताईंचा तसा दंडक आहे.

सोबतच्या वडिलांचे एकच पालुपद होते, "कावून त्यांच्या नादी लागायचं? नौकरी सोड, घरी चल."

ताईंनी मला बजावले, "ती एकदाच सांगणार हाय. मधी बोलू नका."

मी ऐकले आणि माझ्या परीने उत्तम लिहिले: 'सदर इसमाने माझ्या स्त्रीत्वाची घोर विटंबना केली…' ताईंनी चष्मा लावून वाचले.

"भाऊ, लई झकास. पण ही पोरगी असं बोलली का?"

"अर्जाला वजन नको का, ताई?"

"चौकशीत हिला विटंबनेचा अर्थ विचारतील. अडखळली की म्हणतील, पढवून आणलीय. माझ्या वॉर्डातल्या एका पोरीची तक्रार अशीच पडली. ती मी लिहून दिली होती, भाऊ."

मी कागद फाडला. दुसऱ्यांदा तिचेच शब्द टाइप केले: 'त्यांनी दार लावलं. हात पिरगाळला. मी ओरडले.' शेवटी ताईंनी एक ओळ घालायला लावली: बदली माझी नको, त्यांची करा. टायपिंगचे पैसे वडिलांनीच काढून दिले. संगणकातली प्रत ताईंनी समोर उभे राहून पुसायला लावली.

रजा संपल्यावर त्या सत्तरी ओलांडलेल्या वयात मुलीला पोहोचवायला थेट छावणीच्या फाटकापर्यंत गेल्या. चौकशीत तिला उलटसुलट विचारले. तिचा एक शब्द हलला नाही. वरिष्ठाला आधी तिथून हलवले, पुढे लष्करी न्यायालयाने शिक्षा दिली.

ताई आता पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या. त्यांचे गुडघे, नजर आणि तो करडा आवाज अजून पुष्कळ वर्षे शाबूत राहोत, ही मनापासून इच्छा. त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या अंकासाठी त्या मुलीनेही निनावी शुभेच्छा धाडल्या आहेत. मी एक अक्षर बदललेले नाही:

"ताईला सांगा, मी ड्युटीवर हाय."