आरशाखालचा पोचा

मंदार गेल्याचं वैशालीवहिनींनी फोनवर सांगितलं तेव्हा मी अंधेरीत सिग्नलला उभा होतो. सिग्नल सुटला, मागच्यांनी हॉर्न वाजवून डोकं उठवलं, तरी माझा पाय क्लचवरून हलेना. पंचेचाळिशीचा माणूस, सकाळी चहा पिता पिता गेला... मंदार पाडावे, मरोळच्या गॅरेजमधला माझा भागीदार. एके काळी आम्ही दोघं एकाच टीमकडून शर्यतीत गाड्या पळवायचो.

गॅरेज सुरू करतानाच आम्ही एक नियम केला होता. ट्रॅकवर ज्याची चूक, त्यानं दुसऱ्याच्या गाडीचा पत्रा स्वतः ठोकून द्यायचा. मंदार तोंडाचा फटकळ, पण हा नियम त्यानं कधी मोडला नाही. मला मात्र हरणं पचायचं नाही.

एका मोसमातल्या शेवटच्या शर्यतीत उजव्या वळणावर तो आतल्या बाजूनं आला. मी वळवली, आणि दोन्ही गाड्या मातीत. चौकशीत मी सांगितलं, हा मागून घुसला, मला दिसलाच नाही. व्हिडिओत नुसता धुरळा. मंदारच्या डोक्याला मार बसलेला, त्याला धड काही आठवेना. तो पंचांना म्हणाला, "हा म्हणतोय ना, मग असेल माझी चूक." दोष त्याच्यावर आला आणि टीमनं त्याला काढलं.

दोन दिवसांनी मरोळला त्यानं माझ्या गाडीचं उजवं दार उतरवलं. मागून घुसणाऱ्याचा मार मागच्या बाजूला बसतो. हा पोचा पुढच्या दाराला होता, आरशाच्या अगदी खाली. म्हणजे वळणाआधीच तो माझ्या बरोबरीला आला होता आणि त्याला जागा देणं माझं काम होतं. अपिलाची मुदत अजून उरली होती. त्यानं पोच्यावरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "आरशात दिसलो होतो का रे तुला?"

"नाही."

त्यानं हातोडा उचलला. तासाभरात माझ्याविरुद्धचा एकमेव पुरावा त्यानं स्वतःच्या हातानं सपाट केला. मी तोवर चहा सांगून आलो. त्यानं पुन्हा कधी विचारलं नाही, आणि शर्यतीतही उतरला नाही. पुढे इतकी वर्षं त्याच्या डब्यातला बांगडा मी हक्कानं खाल्ला... याचीच आता जास्त लाज वाटते.

दिवसकार्य आटोपल्यावर वहिनी गॅरेजवर आल्या होत्या. म्हणाल्या, "भावोजी, पेपरात ह्यांच्यावर लेख लिहिताय ना, मग तेवढं धडकेचं नका लिहू. ह्यांची चूक चारचौघांत कशाला?" मी नुसती मान डोलावली.

ती गाडी कधीच भंगारात गेली, पण दार मंदारनं ठेवून घेतलं. का, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. अजून ते गॅरेजच्या भिंतीला टेकून उभं आहे. बाहेरून काही कळत नाही. आतून हात फिरवला की त्याच्या हातोड्याचे घाव लागतात, सगळे आरशाखालीच.

वहिनी, तुमचं ऐकलं नाही, माफ करा. चूक त्याची नव्हती.

मंदार, दिसला होतास रे.