डाव्या दंडाची ओळख

मुळशी तालुक्यात माणसाचे तोंड न पाहता त्याला डाव्या दंडावरून ओळखणारा एकच गृहस्थ होऊन गेला, आणि तो माझ्या आत्याचा नवरा होता. आम्ही त्यांना आतोबा म्हणत असू. तालुका त्यांना देवीडॉक्टर म्हणत असे. ते डॉक्टर नव्हते. लोकल बोर्डाच्या नोकरीत त्यांनी उभे आयुष्य वाड्यावस्त्यांवर हिंडून पोरांना देवी टोचण्यात घालवले होते. त्यामुळे समोर कोणीही आले तरी त्यांची नजर आधी डाव्या दंडावरच्या वणांवर जाई आणि मग सावकाश चेहऱ्यावर येई. नवरदेवापासून फौजदारापर्यंत याला अपवाद नव्हता. फौजदारसाहेब एकदा चौकशीला आले, तेव्हा आतोबांनी त्यांना बाही वर करायला लावली, वण पाहिले आणि "चांगल्या उठल्यात. बसा," असे म्हणून मग पाट दिला.

त्यांच्या लशीच्या डब्याची चाहूल लागली की निम्मी वस्ती रानात पळे. बाया लेकरांना गवताच्या गंजीत, पाटीखाली, जिथे जागा मिळेल तिथे लपवीत. आतोबांना या जागा पाठ होत्या. ते अंगणात उभे राहून मोठ्याने म्हणत, "गंजीतली दोन आन् पाटीखालचं एक, भाईर या. म्या गूळ आणलाय." पोरे येत. काही येत नसत. न आलेल्यांची नावे ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहीत, आणि ते पान त्यांना सगळ्या वहीपेक्षा जड वाटे.

निवृत्त झाल्यावर हा माणूस स्वस्थ बसेल, अशी आत्याची समजूत होती. पण मोतीबिंदूसाठी त्यांना पुण्याच्या दवाखान्यात नेले, आणि तिथे घोटाळा झाला. शेजारच्या खाटेवर विशीतली एक बाई होती. लहानपणी देवी आल्या, त्यात तिच्या दोन्ही डोळ्यांत फूल पडलेले. कोणा मेलेल्या माणसाच्या बुबुळावरचा पडदा काढून डॉक्टरांनी तिच्या एका डोळ्याला लावला होता. पट्टी सुटली, तिने खिडकीचे गज मोजले, नर्सच्या टोपीला हात लावून पाहिला, आणि शेजारी आतोबांचा आवाज ऐकून ती वळली.

"तुमीच का वो देवीडॉक्टर? तुमी आलं का आय मला कणगीत घालायची."

आतोबांनी तिचा डावा दंड पाहिला. तो कोरा होता. दुपारचे जेवण त्यांनी परत पाठवले. असे पुष्कळ रोगी खोळंबले आहेत, मेल्यावर डोळे द्यायला कोणी तयार होत नाही, असे डॉक्टर म्हणाले. मोतीबिंदू काढून आतोबा घरी आले ते संमतिपत्रांचा गठ्ठा घेऊनच.

मग वस्त्या पुन्हा रानात पळू लागल्या. डबा नसला तरी माणूस तोच होता, आणि आता तो डोळे मागत होता. एका म्हातारीने त्यांच्या तोंडावर दार लावून आतून विचारले, "जित्तेपणी का मेल्यावर, ते आधी सांगा!" मेल्यावर, असे तीनदा सांगितल्यावर तिने दार बोटभर उघडले आणि सवयीने डावा दंड पुढे केला.

पहिला अंगठा शेजारच्या गेनूने दिला. गेनू सायकलवरून पौडला दूध घालीत असे आणि कोणाला नाही म्हणणे त्याला जमत नसे. महिन्याभराने तो तक्रार घेऊन आला.

"देवीडॉक्टर, मला जवळचं दिसंना झालंय. डोळं आता दवाखान्याचं, मग चष्मा कुनी द्यायचा?"

हा प्रश्न आतोबांनी हसण्यावारी नेला नाही. दवाखान्याला तसे पत्र लिहिले. उत्तर आले नाही, तेव्हा स्वतःचा जुना चष्मा त्यांनी गेनूला दिला. कारण त्या दिवसापासून अंगठा देणाऱ्या प्रत्येकाचे डोळे त्यांना आपल्याच जिम्म्याचे वाटू लागले होते. बाजारात कोणी भेटले की "कसं हाय?" असे न विचारता ते विचारत, "माझं डोळं कसं हायेत?" चुलीपाशी कोणी डोळे चोळताना दिसले की ओरडत, "धुरापासून जपा! दुसऱ्याला लागायचं हायेत ते."

एक सही मात्र त्यांना मिळेना. त्यांच्या स्वतःच्या कागदावर घरच्या माणसाची संमती हवी होती, आणि घरचे माणूस म्हणजे आत्या. ती तिसरी शिकलेली, सही करणारी बाई. "फुडल्या जल्मी आंधळं निपजाल," ती म्हणे. "मग मला कसं वळखाल?" आतोबा कागदाची घडी घालून तो पुन्हा पेटीत ठेवीत.

निदान डॉक्टर वेळेत येतात, एवढी तिची खात्री पटवण्यासाठी त्यांनी रंगीत तालीम ठरवली. मेल्यापासून सहा तासांच्या आत डॉक्टर यायला हवे होते. गेनूने सायकलवरून चार मैल पौडला जायचे, पोस्टातून पुण्याला फोन लागतो का पाहायचे आणि परत यायचे. आत्या भातलावणीला गेलेली पाहून आतोबा ओसरीवर घोंगडी टाकून आडवे झाले, मिटल्या डोळ्यांवर ओला कापूस ठेवला आणि उशाशी घड्याळ. सूचना नियमाप्रमाणे आळीतल्या सगळ्यांना दिली होती. वाटेवरून जाणाऱ्या एका माणसाला तेवढी ती दिलेली नव्हती. त्याने ओसरीवर पाहिले आणि निरोप द्यायला नांद्याची एसटी पकडली.

दोन तास चाळीस मिनिटांनी नांद्याहून आतोबांची बहीण कोरे कापड घेऊन आली. हंबरडा वेशीपासूनच सुरू होता. ती अंगावर पडणार, तोच आतोबा उठून बसले. कापूस मांडीवर पडला.

"गेनू आला का?"

गेनू आला नव्हता. तो पौडला चहा पीत होता. बहिणीने ते कापड भावाच्या तोंडावर फेकून मारले. "नांद्याची मान्सं येत्यात, मग डॉक्टर का यायचं न्हाईत?" असे आतोबा गर्दीला समजावत होते, तेवढ्यात गर्दी दुभंगली. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात भाताची जुडी, अशी आत्या उभी होती. शिवारात तिला कोणीतरी सांगितले होते.

तिने जुडी ओसरीच्या कडेला ठेवली. मग म्हणाली, "माझं कुकू काय खेळणं हाय व्हय? आता त्या कागदाचं नाव काढायचं न्हाई."

त्यांनी काढले नाही. दुसऱ्यांचे कागद भरत राहिले, धुरावर ओरडत राहिले. पण घरात तो विषय पुन्हा निघाला नाही.

दोन वर्षांनी, सकाळी आठच्या सुमारास, अंगणात दात घासताना आतोबा गेले. मी त्या आठवड्यात तिथेच होतो. बायका रडायला लागल्या. आत्याने कापूस ओला केला, स्वतःच्या हाताने त्यांच्या डोळ्यांवर ठेवला आणि बाहेर येऊन म्हणाली, "गेनू, सायकल काढ. चहा प्यायचा न्हाई."

गेनू प्यायला नाही. पावणेबाराला दवाखान्याची मोटार दारात आली. डॉक्टरांनी सही मागितली. आत्याने पेटीतून कागद काढला. सगळी माहिती आतोबांनी गडद शाईने भरलेली होती. घरच्या माणसाच्या सहीची जागा कोरी होती. तिथे पेन्सिलीने एक बारीक फुली मारून शेजारी लिहिले होते : 'इथे. घाई नाही.'

आत्याने ते दोनदा वाचले. सही केली. काम आटोपून डॉक्टर निघाले तेव्हा तिने विचारले, "लागतील का?"

"लागतील, आजी. चांगले आहेत."

"ज्याला लागतील त्याला म्हणावं, धुरापासून जपा."

ते डोळे कोणाला लागले, हे दवाखान्याने सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. मी पुण्यात राहतो. रस्त्यात एखाद्या अनोळखी माणसाची नजर चेहऱ्याऐवजी माझ्या डाव्या दंडाकडे गेली, तर मी थांबतो. असे काही नसते, हे मला ठाऊक आहे. तरी बाही थोडी वर करतो, आणि त्याचे पाहून होईपर्यंत उभा राहतो.