एका कॉम्प्युटरवर दोघं

ड्रॅगन आणि किल्ल्यांचा तो गेम मी आणि दादा नवघरच्या घरात एकाच कॉम्प्युटरवर आळीपाळीने खेळायचो. एकाचा टर्न चालू असताना दुसऱ्याने गॅलरीत जायचं, नकाशा बघायचा नाही, हा आमचा नियम. पुढे नवे भाग येत गेले आणि प्रत्येकाने माझं डोकं फिरवलं. किल्ले प्लास्टिकचे वाटायचे, वर एका कॉम्प्युटरवर दोघांनी खेळायची सोयच काढून टाकली. आता आलेल्या नव्या भागात ती परत आलीय. रविवारी दादा पेणकरपाड्याहून आला. मी म्हटलं, "ड्रॅगन अजून बेकारच दिसतोय." त्याने आपला टर्न खेळून संपवला. माझा टर्न आला तसा पन्नाशीचा दादा गुडघे धरून उठला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला.