टाकेओकाकाने सही केली नाही

सिनाचा मेसेज आला तेव्हा मी बॉटनी डाउन्सच्या मॉलबाहेर पत्रकं वाटत होते. "टाकेओ-सान उठत नाहीयेत. अँब्युलन्स बोलावलीय." थोड्या वेळाने दुसरा आला. "गेले." अशा वेळी माणसाला रडू यावं. मला संताप आला. माझ्या पिशवीत पत्रकांच्या खाली एक अर्ज होता, त्यावर त्याच्या सहीची जागा तीन आठवडे कोरी होती, आणि आता ती कोरीच राहणार होती. दीड महिना झाला, संताप उतरलेला नाही. गेलेल्या माणसाबद्दल गोडच लिहावं असं ज्यांना वाटतं त्यांनी सरळ पान उलटावं.

टाकेओ होरिउची हा जपानी व्यावसायिक कुस्तीगीर. आपली लाल मातीतली कुस्ती डोळ्यांसमोर आणू नका. ही दोरांनी वेढलेल्या रिंगणातली, चकचकीत कपड्यांची, कोण जिंकणार ते आधीच ठरलेलं असणारी. पडणं मात्र खरं असतं, हे लोक विसरतात. सतराव्या वर्षी तो ओसाकातल्या एका कुस्ती-कंपनीच्या तालमीत दाखल झाला. तिथली रीत अशी, की नवख्याने आधी थोरल्यांचे कपडे धुवायचे, भात शिजवायचा, पाय लटपटेपर्यंत बैठका मारायच्या, आणि मग कंपनी त्याला परदेशी धाडणार... परक्या लोकांत मार खाऊन, तयार होऊन ये म्हणून. टाकेओला धाडलं न्यूझीलंडला, सहा महिन्यांसाठी. मालक म्हणाले, "बोलावू तेव्हा ये." पुढे ती कंपनीच बुडाली, बोलावणं आलंच नाही, आणि हा गृहस्थ वीस वर्षं इथल्या मनुरेवा उपनगरात राहिला. आठवडाभर कारखान्यात मासे साफ करायचे आणि शनिवारी भाड्याच्या हॉलमध्ये 'टोकियोचा राक्षस' व्हायचं. लबाडीने वाकून नमस्कार करायचा, समोरच्याच्या डोळ्यांत मीठ फेकायचं, शिव्या खायच्या आणि हरायचं. टोकियोला तो आयुष्यात दोनदा गेला होता. "परत का गेला नाहीस?" मी विचारायचे. "बोलावलं नाही," तो म्हणायचा. आता या उत्तराचं काय करायचं?

आम्ही पुण्याहून आलो तेव्हा मी चौदा वर्षांची होते. बाबा कॉम्प्युटरवाले, आई हॉस्पिटलात नर्स, आणि मनुरेवातल्या आमच्या भाड्याच्या घराला लागून त्याचं घर. कुस्तीवाले त्याला जपानी मानाने टाकेओ-सान म्हणायचे, मी टाकेओकाका म्हणायचे आणि खुशाल अरे-तुरे करायचे. त्याचा एक नियम आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हता. एका शनिवारी आई कोपऱ्यावरच्या डेअरीत गेली... इथे वाणसामानाच्या दुकानालाच डेअरी म्हणतात... तर काका समोर. आईने हसून विचारलं, "टाकेओ, भोपळा कसा आलाय?" तो दात विचकून तिच्यावर गुरगुरला, पाव काउंटरवर आपटला आणि निघून गेला. आई रिकाम्या पिशवीने घरी आली. "अगं, त्या माणसाला झालंय काय? काल कुंपणावरून कोथिंबीर मागत होता माझ्याकडे!" तासाभराने तो मागच्या दाराशी हजर, कमरेत पार वाकलेला. "सॉरी, नर्स-सान. दुकानात दोन मुलं होती. संध्याकाळी सामन्याला येणार. राक्षस भोपळ्याबद्दल बोलत नाही." आई हसून हसून खुर्चीत बसली. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. अजूनही दिसत नाही.

पुढे मी कॉलेजात गेले, चळवळीत पडले, पत्रकं लिहायला शिकले. पहिल्याच वर्षी मी त्याच्या पोस्टरविरुद्ध एक सणसणीत पत्रक काढलं. आशियाई माणूस म्हणजे कपटी, असं दर शनिवारी पोरांना शिकवणारा हा तमाशा बंद करा. हॉलच्या दाराशी उभी राहून मी ते वाटलं. काकाने एक मागून घेतलं, चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. मग रिंगमध्ये गेला आणि सगळ्यांसमोर ते पत्रक चावून खाल्लं. लोकांनी हॉल डोक्यावर घेतला. नंतर मला म्हणतो, "चांगलं लिहिलंय. पुढच्या शनिवारी पण आण." मी आठ दिवस त्याच्याशी बोलले नाही.

सिना त्याची शिष्या, सामोअन, माझ्याच वयाची. तिच्या तोंडून मला कळलं की काका पडल्यावर हल्ली त्याला दोन-दोन माणसं दिसतात, कारखान्यात तो सुरी कुठे ठेवली ते विसरतो. हॉलमध्ये डॉक्टर सोडा, प्रथमोपचाराची पेटीसुद्धा कुलपात. मी अर्ज तयार केला. रिंगजवळ डॉक्टर किंवा नर्स असल्याशिवाय शहराच्या कौन्सिलने आपला हॉल भाड्याने देऊ नये. खाली कुस्तीगिरांच्या सह्या. सगळ्यांचं एकच उत्तर. "टाकेओ-सानची सही आण, मग आमच्या हीप्स सह्या घे, हव्या तितक्या." आणि टाकेओ-सान ढिम्म. "दुखतं असं लिहिलं," तो म्हणाला, "तर काय दुखत नाही तेही लिहावं लागेल." मी म्हटलं, "अरे, सगळ्या जगाला माहितीय ते खोटं असतं!" तो म्हणाला, "माहिती असू दे. मी सांगणार नाही."

तिसऱ्या आठवड्यातल्या शनिवारी तो मानेवर पडला. मी दुसऱ्या रांगेत होते. आवाज वेगळाच आला... ओलं पोतं टाकल्यासारखा. तो निपचित. लोक हसत होते, कारण राक्षस नेहमीच मेल्याचं सोंग करायचा. या लोकांत एक खूण असते. पंच वाकून हात हातात घेतो, पडलेल्याने हात दाबला की समजायचं, ठीक आहे, चालू द्या. काकाने हात दाबला. सिना म्हणते, त्याने प्रत्येक वेळी दाबला, वीस वर्षं, समोरचं काही दिसत नसतानाही. तो उठला, ठरल्याप्रमाणे हरला, शिव्या खात बाहेर गेला.

आता जे लिहायचंय ते कुठल्याच पत्रकात येणार नाही. पार्किंगमध्ये मी त्याला गाठलं. गाडीला टेकून उभा होता, किल्ली कुलपात जात नव्हती. आणि मी काय केलं? अर्ज काढला. बघ, आज काय झालं ते बघ, आता तरी सही कर. भित्रा आहेस तू, बाकीची पोरं तुझ्यामुळे मरतील... मी बोलतच सुटले. तो म्हणाला, "उद्या. आज अक्षर नीट येणार नाही." हे ऐकूनही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. अक्षर का नीट येणार नाही, हे मी विचारलं नाही. त्याच्या डोळ्यांकडे बघितलं नाही. हॉस्पिटल हा शब्द माझ्या तोंडून निघाला नाही. रविवारी मी त्याला फोनही केला नाही, म्हटलं, बसू दे विचार करत. सोमवारी सकाळी सिना त्याच्या घरी गेली. त्या पडण्यानेच गेला की नाही, डॉक्टर छातीठोकपणे सांगत नाहीत. आईला मी पार्किंगचं सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "मला फोन करायचास गं." मी नर्सची मुलगी आहे.

त्याच्यानंतरच्या पहिल्या सामन्याला सामने भरवणाऱ्या प्रमोटरने रिवाजाप्रमाणे श्रद्धांजली म्हणून दहा वेळा घंटा वाजवली, त्याचं मोठं पोस्टर लावलं, मीठ फेकतानाचं. डॉक्टर नव्हताच. आई फ्लॅट बुशहून ड्युटी बदलून आली होती. आम्ही आता तिथे राहतो. न विचारता ती पहिल्या रांगेत बसली, मांडीवर पिशवी घेऊन. तिसऱ्या सामन्यात सिना डोक्यावर आपटली. पंचाने हात धरला आणि मान डोलावली. "स्वीट अ‍ॅज, एकदम ठीक, हात दाबला तिने." आई तोवर दोर वर करून आत शिरली होती, सहा फुटांच्या पंचाला कोपराने बाजूला सारत. "हात राहू दे. मला तिचे डोळे बघायचेत." तिने टॉर्च काढला, आणि सामना थांबला. हॉल खवळला. पैसे परत द्या, बाहेर काढा हिला, आँटी घरी जा! कागदाचे बोळे आले, चिप्स आले. मी भिंतीशी पत्रकं घेऊन उभी, आणि आई मात्र सिनाची मान धरून ढिम्म बसून राहिली, पाठीवर चिप्स झेलत.

सिनाने दुसऱ्या दिवशी सही केली. बाकीचे अजून म्हणतात, टाकेओ-सानने केली नव्हती. त्यांच्यापुढे कपाळ बडवून घ्यावं. पण पहिल्या रांगेत कोपऱ्यात ते आता एक खुर्ची रिकामी ठेवतात. प्रमोटर म्हणतो, आपण परवानगी दिलेली नाही. आई सुट्टीच्या शनिवारी तिथे जाऊन बसते, आणि ती बसली रे बसली की अख्खा हॉल तिला हूट करतो, जसा त्याला करायचा, तितक्याच मनापासून. मला ते सहन होत नाही. परवा मी तिला म्हटलं, "आई, तुला वाईट नाही वाटत?"

"ओरडू देत की," ती टॉर्चचे सेल बदलत म्हणाली. "मी बसलेली त्यांना दिसतेय ना?"