सुमामावशीचं उलटं वाण

डिसेंबरात काकांचा, म्हणजे मावशीच्या नवऱ्याचा, फोन आला, "सुमा गेली गं..." आणि रडू फुटायच्या आधी मला आठवलं ते आदल्याच आठवड्यातलं. हॉस्पिटलात नर्स गोळी द्यायला आली, तर माझ्या मावशीने ऑक्सिजनचा मास्क बाजूला सारून फर्मावलं, "पहले डेट दिखाओ." नर्सने हसत तारीख दाखवली, तेव्हा कुठे बाईंनी तोंड उघडलं.

दिल्लीत मयूर विहारच्या तिच्या सोसायटीत संक्रांतीचं हळदीकुंकू म्हणजे जत्रा. इतरांकडे बायका वाण घेऊन जातात. हिच्याकडे यायचं तर घरातली उरलीसुरली, मुदत संपलेली औषधं पिशवीत घालून आणायची. कुंकू लावतानाही हिचा एक डोळा पिशवीवर! समोरच्या अरोरा आंटी पहिल्या वर्षी रिकाम्या हाताने आल्या. मावशीने तिळगूळ दिला आणि म्हणाली, "अब जाके फ्रिज देखो, वाण बाद में." आंटी खरंच गेल्या आणि नातवाचं जुनंपुराणं सिरप घेऊन हजर झाल्या. कुणी म्हटलंच, "अहो, संडासात ओतून टाकू ना," की मावशी उसळायची, "आणि यमुनेला काय, तुझं अँटिबायोटिक पाजायचं?"

हे वेड तिला लावलं काकांनीच. सरकारी खात्यातून इंजिनीयर म्हणून रिटायर झालेला हा सज्जन माणूस गोळ्यांची अर्धी पट्टीसुद्धा टाकणार नाही. "असू दे, लागेल." एकदा पानिपतला लग्नाला निघताना खोकल्याचं असंच कधीचं औषध प्यायले आणि वऱ्हाड नाचत असताना सोफ्यावर घोरत पडले. "पानिपतावर मराठी माणूस आडवा व्हायचाच," हे मावशी पुढे प्रत्येक पाहुण्याला सांगायची.

ती गेल्यावर मी तिच्या औषधांचा डबा आवरायला घेतला, तर काकांनी तो हातातून काढून घेतला. पुढे एका सकाळी मी गेले, तर काका चक्कर येऊन दाराला धरून उभे! तिच्या बीपीच्या गोळ्या ते स्वतःच्या गोळ्यांवर घेत होते. मी चिडले, चांगली ओरडले. "रोज मीच तिला काढून द्यायचो गं," ते म्हणाले, "हात जातोच... आणि काढलेली गोळी टाकवत नाही." मला फार भीती वाटली. मावशीपाठोपाठ हेही जातील, असं वाटलं. पण डबा काही ते देईनात.

यंदा हळदीकुंकवाचा प्रश्नच नव्हता. तरी रथसप्तमीच्या संध्याकाळी बेल वाजली. दारात सात-आठ बायका, प्रत्येकीच्या हातात पिशवी. पुढे अरोरा आंटी. "भाई साहब, दीदी नहीं हैं, पर दवाइयाँ तो एक्सपायर हो ही रही हैं ना?"

काका बघत राहिले. मग हसले, कितीतरी दिवसांनी. आत जाऊन डबा घेऊन आले आणि टेबलाशी बसून एकेक गोळी पट्टीतून मोकळी करायला लागले. वर आम्हालाच शिकवणी! "कुटायच्या नाहीत. चहाच्या ओल्या चोथ्यात कालवायच्या, पिशवी घट्ट बांधायची आणि कचरेवाल्याला वेगळी द्यायची, 'औषधं आहेत' असं सांगून." म्हणजे मावशी दर हळदीकुंकवाला बायकांना सांगायची ते इतकी वर्षं हा माणूस पेपराआडून सगळं ऐकत होता तर!

शेवटच्या पट्टीपाशी त्यांचा हात थांबला. मग तीही त्यांनी रिकामी केली, समोरच्या ढिगाकडे पाहिलं आणि गुडघ्यावर हात टेकून उठले.

"एवढ्याला चोथा पुरायचा नाही. बसा सगळ्या, चहा टाकतो."