शेऱ्याचा रकाना

पाणी शुद्ध करायचं मशीन घेताना स्वतःचा मोबाइल नंबर द्यायला मी केवढी खळखळ केली! "आमची माहिती बाहेर जाता कामा नये," असं पिंपरीतल्या त्या शोरूमच्या मुलीला तीनदा बजावलं. मग ती म्हणाली, "काका, ओळखीच्या दहा जणांचे नंबर दिलेत, तर पोळ्या गरम ठेवायचा डबा फुकट." मी लगेच चष्मा पुसायला घेतला.

फोनमधली नावं उतरवता उतरवता दहाची अकरा झाली. फॉर्मवर शेवटचा रकाना 'शेरा' असा होता. रकाना मोकळा सोडणं आमच्या घराण्यात नाही. साडूच्या नावापुढे मी सुवाच्य अक्षरात लिहिलं : 'चाकणला पत्र्याच्या प्रेसवर. सध्या तिसरी शिफ्ट. दुपारी हमखास घरी.'

पंधरा दिवसांनी मेहुणी बायकोला फोनवर सांगत होती, "ह्यांना झोपच नाही गं. दुपारभर त्या पाण्याच्या मशीनवाल्यांचे फोन. सासूबाई आजारी, त्यामुळे फोन बंदही ठेवता येत नाही. काल डुलकी लागली, प्रेसखाली हातच जायचा. शेजारच्यानं ओढलं म्हणून वाचले."

"या कंपन्या नंबर चोरतात मेल्या," बायको मला म्हणाली. "जरा जाऊन झाडा त्यांना."

गेलो. गोपनीयता या शब्दावर जोर देऊन ओरडलो. मुलीनं शांतपणे फॉर्म काढून माझ्याकडे फिरवला. अक्षर माझंच. खाली बारीक छापलेलं, 'वरील सर्वांची संमती मी घेतली आहे.' त्याखाली माझी लफ्फेदार सही.

"बरं, ते एक नाव काढून टाका," मी आवाज खाली आणला.

"असं नाही काढता येत, काका. दुसऱ्याची माहिती आहे ना ती. त्यांनी स्वतः यायला हवं. आमच्याकडे प्रायव्हसीचं फार कडक आहे."

दुसऱ्या दिवशी डबा पिशवीत घालून दुपारी दोनला साडूच्या दारात पोचलो. बेलवर बोट ठेवलं, आणि काढलं. जिन्यात बसून राहिलो. पाचला त्यानं दार उघडलं, डोळे लालभडक. मी सगळं सांगून टाकलं. त्यानं पिशवीतून डबा काढून उलटसुलट पाहिला.

"मी घरी कधी असतो, तेपण तुम्हीच लिहिलंत, साडूभाऊ?"

"रकाना होता," मी म्हणालो.

त्यानं पायात चपला सरकवल्या. "चला शोरूमला. आणि तो डबा घ्या बरोबर. अजून दहा दारं बाकी आहेत तुमची."