डिस्क्रिमिनेशनचं बटण

भावोजींनी मला मेटल डिटेक्टर दिला तो माझ्या एका सवयीमुळे. मी चालताना खाली बघतो. कॅनडात, रिचमंड हिलला येऊन मला चार महिने झाले होते, एका इंडियन रेस्टॉरंटच्या किचनमध्ये कामाला होतो, आणि प्लाझाच्या पार्किंग लॉटमधून घरी पोहोचेपर्यंत खिशात एखाददुसरं नाणं जमलेलं असायचं. "नजर जमिनीवरच ठेवायची तर नीट हत्यार घेऊन ठेव," असं म्हणून त्यांनी सेलमध्ये मिळालेलं ते यंत्र माझ्या हातात दिलं. सोबत एक जाडजूड पुस्तक. "आधी मॅन्युअल वाच. शनिवारी बार्बेक्यूला ऑफिसातली मंडळी येतायत, त्यांना बॅकयार्डात डेमो दे. मॅट्रिक माणूस तू, तुला काय अवघड."

मी मॅट्रिक नव्हतो. सातवीत शाळा सोडून हॉटेलच्या भट्टीपाशी उभा राहिलो होतो. ताईचं लग्न जमवताना मात्र आमच्याकडून "मुलीचा भाऊ मॅट्रिक आहे" असं सांगितलं गेलं, आणि तेव्हापासून ताई मला मॅट्रिक ठेवत आली होती. भावोजींनी मला राहायला बेसमेंट दिलं, थंडीचं जॅकेट दिलं, बँकेत खातं उघडायला रजा काढून बरोबर आले. आता त्यांच्यासमोर, तेही त्यांच्या चार मित्रांच्या साक्षीनं, ताई खोटी पडणार होती. माझ्यामुळे.

म्हणून मी दोन संध्याकाळी घरामागच्या लाकडी डेकवर बसून पुस्तक वाचलं. म्हणजे पानं उलटली. अक्षरं ओळखीची होती, शब्द नव्हते. बऱ्याच अक्षरांच्या डोक्यावर बारीक रेघा आणि टिंबं होती. मला वाटलं, इथलं इंग्रजी जरा नटूनथटून असतं. भावोजी लॉनला पाणी घालता घालता विचारायचे, "कसं आहे?"

"छान समजावून सांगितलंय," मी म्हणायचो आणि मान डोलवत पुढचं पान उलटायचो.

खरी शिकवणी कानांनी चालली होती. दांड्याच्या खाली थाळीएवढी चकती, वर हाताशी एक डबी आणि तिच्यावर दोन बटणं. पहिलं यंत्राचा कान तिखट करायचं. फार वाढवलं की ते शेजाऱ्यांच्या एसीवरही ओरडायचं, फार कमी केलं की चमच्यावर धरलं तरी गप्प. गॅसची आच हाताला बसते तसं ते दोन दिवसांत बसलं. कामावरच्या माझ्या बुटांच्या टोकांत लोखंड होतं, त्यामुळे यंत्र माझ्याच पायांवर किंचाळायचं. मग मी अनवाणी फिरू लागलो.

दुसऱ्या बटणाचं काय ते भावोजींनीच सांगितलं. "हे डिस्क्रिमिनेशन. खिळे, पत्रे, लोखंड, सगळा कचरा नाकारायचा. सहावर ठेवायचं, पुस्तकात आहेच."

तो शब्द ऐकला आणि मी गार पडलो. आमच्या किचनच्या भिंतीवर तोच मोठ्या अक्षरांत लावलेला होता. तंदूरवरच्या पाजींना मी अर्थ विचारला होता. "ये इधर मना है," ते म्हणाले होते. "किया, तो परमिट गया. सीधा घर." नेमकं काय मना आहे ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. तेव्हा यंत्राच्या हातून का होईना, पण ते आपल्याकडून नको. भावोजी आत गेले की मी बटण शून्यावर आणायचो. बाहेर आले की ते पुन्हा सहावर न्यायचे.

शनिवारी सकाळी सगळे उठायच्या आत मी बंदोबस्त केला. घर कोरं, आमच्याआधी तिथं कोणी राहिलेलं नाही, जमिनीत बिल्डरच्या खिळ्यांपलीकडे काय सापडणार? किचनमधलं उलथनं घेतलं, कुंपणाच्या कडेनं गवत अलगद उचललं आणि पंचवीस सेंटचे चकचकीत पाच क्वार्टर मिरचीच्या रोपांसारखे पावला-पावलावर लावून टाकले.

दुपारी मंडळी जमली. नागपूरचे एक गृहस्थ हातात मक्याचं कणीस घेऊन पुढेच उभे. "काय भाऊ मॅट्रिक, निघते का सोनं?"

भावोजींनी बटण सहावर नेलं आणि यंत्र माझ्या हातात दिलं. मी कुंपणाकडे निघालो. पहिल्या क्वार्टरवर यंत्र गप्प. दुसऱ्यावर गप्प. पाचही जागा संपल्या, मी मागे फिरून पुन्हा पहिल्यावर आलो.

"इथं काहीतरी आहे असं वाटतंय," मी म्हणालो.

"मशीनले तं नाही वाटत," नागपूरकर म्हणाले. "तुलेच काहून वाटते?"

डेकवर ताईचा कांदे चिरणारा हात थांबला होता. मी पाठ वळवली आणि बटण शून्यावर आणलं. यंत्र असं ओरडलं की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. पाच वेळा ओरडलं, पाच क्वार्टर निघाले.

"अगदी लायनीत," नागपूरकर म्हणाले. "मोठा शिस्तीचा माणूस राहत असंन इथं."

भावोजी एक नाणं घेऊन आत गेले आणि फ्रिजवरचं मॅग्नेट घेऊन आले. नाणं त्याला लटकलं. "आत पोलाद आहे," ते म्हणाले. "नव्या नाण्यांना वरून नुसता मुलामा. लोखंड नाकार म्हटलं की यंत्र यांनाही नाकारणार." मग माझ्याकडे वळले. "शून्यावर ठेवायचं तुला कसं कळलं?"

भीतीनं ठेवलं, असं सांगता आलं असतं. "पुस्तकात लिहिलंय," मी म्हणालो.

"कोन्त्या पानावर? दाखव बरं," नागपूरकर टेबलाकडे वळले. पुस्तक तिथंच होतं. ताईनं कांद्यांची थाळी उचलून नेमकी त्याच्यावर ठेवली आणि म्हणाली, "अहो, तिकडे मका जळतोय." कोणी हललं नाही.

"फ्रेंच भागात आहे ते," भावोजी शांतपणे म्हणाले. "त्यानं तोच भाग वाचलाय. दोन संध्याकाळी बसला होता, मी स्वतः पाहिलंय."

"फ्रेंच येते तुले?"

"थोडं थोडं," मी म्हणालो.

नागपूरकरांनी नव्यानं भाजलेलं पहिलं कणीस मला दिलं. पुढे दोनदा त्यांच्या मुलीच्या फ्रेंचच्या होमवर्कसाठी फोन आला. दोन्ही वेळा मी किचनमध्ये फार बिझी होतो.

मंडळी गेल्यावर मी भांडी घासत होतो. भावोजी पुस्तक घेऊन आले, कांद्याचं पाणी पुसलं आणि ते उलटं करून ओट्यावर ठेवलं. "उद्यापासून ही इंग्रजी बाजू. रोज एक पान. मी बसतो बरोबर."

मी कितवीत शाळा सोडली ते त्यांनी तेव्हा विचारलं नाही, नंतरही नाही. मीच मग त्यांना भिंतीवरच्या शब्दाचं आणि पाजींचं सांगून टाकलं. ते सिंकला धरून बराच वेळ हसले. चष्मा काढून डोळे पुसले.

"मग आता सहावर ठेवू का?" मी विचारलं.

"नको," ते म्हणाले. "परमिट जाईल."